संगणक सुरू होताच पेन ड्राइव्हची झाडाझडती कशासाठी?

संगणकाचे बटण दाबल्यानंतर नेहमीचा रंगीत पडदा येण्याऐवजी काळ्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. 'ई' नावाच्या ड्राइव्हमधील फाइल सिस्टीम तपासली जात आहे, तपासणी नको असल्यास अमुक सेकंदांच्या आत कोणतीही कळ दाबा, अशी सूचना येते आणि आकडे उलटे मोजले जाऊ लागतात. हा 'ई' म्हणजे आदल्या संध्याकाळी संगणकाला जोडून ठेवलेली आणि काढायची राहून गेलेली पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असतो. अशा वेळी बहुतेकांच्या हातून दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण घाईत कळ दाबून तपासणी टाळतात, तर काही जण तपासणी चालू असतानाच तो ड्राइव्ह उपसून काढतात. पहिली गोष्ट रोज करत राहिल्यास कधी तरी महागात पडते. दुसरी मात्र त्याच दिवशी महागात पडू शकते.

पेन ड्राइव्हवर काय असते, याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी न्यायचा प्रबंध, गृहनिर्माण सोसायटीचा वर्षाचा हिशेब, लग्नाची छायाचित्रे, लहान व्यापाऱ्याचे खाते असा ऐवज अनेकदा या अंगठ्याएवढ्या वस्तूत असतो आणि पुष्कळदा त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. त्यामुळे संगणक ही तपासणी का करतो, ती कोणत्या परिस्थितीत होऊ द्यावी आणि कोणत्या परिस्थितीत थांबवावी, हे सामान्य संगणकधारकानेही समजून घेणे गरजेचे आहे.

चार दशकांची परंपरा

डिस्क तपासणीचा हा प्रकार नवा नाही. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्याच्या 'डॉस' या ऑपरेटिंग सिस्टीमसोबत 'चेकडिस्क' नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. १९९३ मध्ये एमएस-डॉसच्या ६.२ या आवृत्तीबरोबर 'स्कॅनडिस्क' आला. विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीपासून संगणक नीट बंद झाला नसेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना स्कॅनडिस्क आपोआप चालू लागला. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने विंडोज एनटीच्या घराण्यातील 'ऑटोचेक' हा प्रोग्रॅम घराघरात नेला. तो चेकडिस्कचाच भाऊ; फरक इतकाच की, तो विंडोजचा पडदा दिसण्याच्या आधी चालतो.

महाराष्ट्रात या पडद्याची ओळख अनेकांना भारनियमनामुळे झाली. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात वीजकपात मोठ्या प्रमाणावर होत असे. यूपीएस नसलेला संगणक वीज जाताच बंद पडे आणि वीज आल्यावर आधी डिस्क तपासत बसे. याच सुमारास पेन ड्राइव्हचा प्रसार वाढला. अशी साधने २००० मध्ये बाजारात आली आणि त्या वर्षअखेर आयबीएमने विक्रीस आणलेल्या 'डिस्क ऑन की'ची क्षमता अवघी ८ मेगाबाइट होती. पुढे क्षमता वाढली, किमती उतरल्या आणि फ्लॉपी अडगळीत गेली. संगणकाच्या पोटातील डिस्कसाठी तयार झालेली तपासणीची व्यवस्था मग बाहेरून जोडलेल्या साधनांनाही लागू झाली.

कीर्द आणि खतावणी

ही तपासणी नेमके काय पाहते, हे समजण्यासाठी पेढीवरील जुन्या हिशेबाची पद्धत उपयोगी पडते. कोणत्याही डिस्कवर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक म्हणजे प्रत्यक्ष माहिती : पत्र, छायाचित्र, गाणे. दुसरा म्हणजे ती माहिती कुठे ठेवली आहे, याची नोंद. डिस्कची जागा 'क्लस्टर' नावाच्या लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. एखादी फाइल मोठी असेल तर ती शेकडो कप्प्यांत पसरते आणि हे कप्पे शेजारी शेजारीच असतील असेही नाही. म्हणून पहिल्या कप्प्यानंतर कोणता, त्यानंतर कोणता, हे दाखवणारी एक खतावणी डिस्कच्या आरंभी ठेवलेली असते. पेन ड्राइव्हवर अनेक वर्षे प्रचलित असलेल्या 'फॅट ३२' या पद्धतीचे नावच मुळी या खतावणीवरून, म्हणजे 'फाइल अलोकेशन टेबल'वरून पडले आहे. तिच्या साधारणपणे दोन प्रती असतात. फाइलचे नाव, तारीख, आकार आणि पहिल्या कप्प्याचा क्रमांक मात्र या खतावणीत नसून फोल्डरच्या यादीत असतो.

एखादी फाइल साठवली जाते, तेव्हा निदान तीन ठिकाणी लेखन होते : प्रत्यक्ष कप्प्यांत, खतावणीत आणि फोल्डरच्या यादीत. ही तिन्ही कामे एकाच क्षणी होत नाहीत. त्यातील दोन पूर्ण झाली आणि तिसरे व्हायच्या आत वीज गेली किंवा ड्राइव्ह उपसला गेला, तर हिशेब जुळत नाही. खतावणीत कप्पे भरलेले दिसतात, पण ते कोणाच्या नावावर हे यादी सांगू शकत नाही. त्यांना 'हरवलेले क्लस्टर' म्हणतात. किंवा एकच कप्पा दोन फाइलींच्या नावावर चढतो. जमिनीच्या एकाच तुकड्यावर दोन मालकांची नावे लागावीत, तसा हा प्रकार असतो आणि दोहोंपैकी एका फाइलीचा मजकूर त्यात निश्चितच बिघडलेला असतो.

संगणकातील मुख्य डिस्कवर विंडोज सहसा 'एनटीएफएस' ही पद्धत वापरते. तिच्यात खतावणीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक फेरबदल एका कीर्दीत टिपला जातो. मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी कीर्द वाचून अर्धवट नोंद पुरी करता येते किंवा रद्द करता येते. फॅट ३२ मध्ये आणि २००६ मध्ये आलेल्या 'एक्सफॅट'मध्ये अशी कीर्द नसते. कॅमेरा, दूरचित्रवाणी संच, मोटारीतील संगीतयंत्र अशा साध्या उपकरणांनाही वाचता यावी म्हणून पेन ड्राइव्हवर हीच साधी पद्धत वापरली जाते. जे साधन सर्वांत जास्त वेळा अवेळी उपसले जाते, त्याच साधनावर सर्वांत कमी संरक्षण असते, असा हा विरोधाभास आहे.

एका खुणेचा खेळ

संगणक दर वेळी सगळ्या डिस्क तपासत बसत नाही. तपासणीची गरज आहे की नाही, हे तो एका लहानशा खुणेवरून ठरवतो. तिला 'डर्टी बिट' असे नाव आहे. ड्राइव्हवर लेखन सुरू होताना ही खूण उमटवली जाते आणि सर्व नोंदी पूर्ण होऊन ड्राइव्ह रीतसर मोकळा झाला की ती पुसली जाते. फॅट, एक्सफॅट आणि एनटीएफएस या तिन्ही पद्धतींत तिची जागा वेगवेगळी असली तरी अर्थ एकच : 'काम चालू होते, पुरे झाल्याची खात्री नाही.'

ही खूण म्हणजे दोष सापडल्याचा पुरावा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. ती केवळ शंका असते. म्हणूनच अनेकदा तपासणी पूर्ण होते आणि कोणताही दोष आढळला नाही, असा निर्वाळा मिळतो. ड्राइव्ह घाईत उपसला गेला, पण त्या क्षणी लेखन आटोपलेले होते, असा त्याचा अर्थ असतो.

ही तपासणी संगणक सुरू होतानाच का, असा प्रश्न साहजिक आहे. दुकान चालू असताना मालाची शिरगणती करता येत नाही. एक जण मोजत असताना दुसरा माल विकत राहिला तर आकडा कधीच जुळणार नाही. डिस्कचेही तसेच आहे. नोंदी दुरुस्त करायच्या तर त्या वेळी इतर कोणत्याही प्रोग्रॅमने त्या डिस्कवरील फाइल उघडलेली नसावी लागते. विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर अँटिव्हायरसपासून फाइलींची सूची करणाऱ्या सेवेपर्यंत अनेक प्रोग्रॅम जोडलेल्या ड्राइव्हमध्ये डोकावू लागतात. त्यापूर्वीचा काळ हाच निवांत असतो. ऑटोचेकला म्हणूनच इतक्या लवकर पाचारण केले जाते.

येथे पोर्टेबल हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह यांत एक फरक आहे. प्रत्येक यूएसबी साधन जोडले जाताना आपण 'स्थिर' आहोत की 'काढता येण्याजोगे' आहोत, हे संगणकाला सांगते. पोर्टेबल हार्ड डिस्क बाहेरून जोडलेली असली तरी बहुधा स्वतःला स्थिर म्हणवते. त्यामुळे विंडोज तिला पोटातील डिस्कप्रमाणेच वागवते आणि सुरुवातीची तपासणी प्रामुख्याने तिच्याच वाट्याला येते. बहुतांश पेन ड्राइव्ह काढता येण्याजोगे म्हणून नोंदले जातात आणि त्यांच्याबाबतची सूचना पुष्कळदा विंडोज सुरू झाल्यानंतर, ड्राइव्ह जोडताच मिळते : या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करायचा का? दोन्ही सूचनांच्या मुळाशी खूण तीच असते.

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मुख्य डिस्कच्या तपासणीचे स्वरूप बरेच बदलले. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कमधील दोष काम चालू असतानाच शोधून टिपून ठेवायचे आणि संगणक पुन्हा सुरू होताना तेवढ्याच जागा दुरुस्त करायच्या, अशी सोय करण्यात आली. तासांचे काम काही सेकंदांवर आले. मात्र ही सोय एनटीएफएसपुरतीच आहे. फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हला अजूनही जुन्या पद्धतीची संपूर्ण झडतीच द्यावी लागते.

रोज रोज तीच तपासणी का?

एकदा तपासणी झाल्यावर खूण पुसली जायला हवी. तरीही काही संगणकांवर रोज सकाळी हाच प्रकार घडतो. त्याची कारणे ठरावीक आहेत.

पहिले कारण म्हणजे खूण रोज नव्याने उमटते. संगणक बंद होताना एखादा प्रोग्रॅम ड्राइव्हवर लिहीत असतो किंवा बंद करण्याच्या गडबडीत यूएसबीचा वीजपुरवठा लेखन पुरे होण्यापूर्वीच तुटतो. वीज कमी पडणारी लांब केबल किंवा ढिले सॉकेट हेही त्याचे मूळ असू शकते. केबल बदलून किंवा संगणकाच्या मागील बाजूच्या सॉकेटमध्ये ड्राइव्ह जोडून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुसरे कारण म्हणजे खूण पुसताच येत नाही. फ्लॅश मेमरीचे आयुष्य संपत आले की अनेक पेन ड्राइव्ह स्वतःहून 'केवळ वाचनासाठी' या अवस्थेत जातात. त्यांवरील मजकूर वाचता येतो, पण एक अक्षरही बदलता येत नाही. मग खूण तरी कशी पुसणार? रोजची तपासणी ही अशा वेळी कटकट नसून इशारा असतो. वाचता येते तोवर सगळे उतरवून घ्यावे, हाच त्याचा अर्थ.

तिसरे कारण दोन संगणकांमधील गैरसमजाचे आहे. संगणक 'हायबरनेट' अवस्थेत ठेवला की चालू स्थितीचे चित्र डिस्कवर साठवले जाते. विंडोज ८ पासून आलेला 'फास्ट स्टार्टअप'ही याच तत्त्वावर, अंशतः, चालतो. ड्राइव्हची खतावणी कशी होती, हेही त्या चित्रात असते. दरम्यान तो ड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकावर त्यात फेरबदल केले आणि पुन्हा पहिल्याला जोडून तो जागा केला, तर पहिला संगणक कालची खतावणी खरी मानून आजच्या नोंदींवर लिहू शकतो. अशा गोंधळात माहितीची नासाडी होते. म्हणून हायबरनेट करण्यापूर्वी बाहेरचे ड्राइव्ह रीतसर काढून घेणे इष्ट.

तपासणी काय वाचवते आणि काय नाही

चेकडिस्कबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ते फाइली वाचवणारे साधन आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे पहिले कर्तव्य खतावणी जुळवण्याचे आहे. जुळवताना ज्या नोंदीचा मेळ बसत नाही, ती कापून टाकायलाही ते कचरत नाही. फाइलीतील मजकूर बरोबर आहे की नाही, हे ते पाहतच नाही. मजकुराचा अर्थ त्याला कळत नाही.

दुरुस्तीनंतर ड्राइव्हवर 'फाउंड' आणि पुढे तीन शून्ये अशा नावाचा फोल्डर दिसला, तर त्यात हरवलेल्या कप्प्यांतून जमवलेले तुकडे असतात. या तुकड्यांना केवळ क्रमांक असतात, नावे नसतात. कारण उघड आहे : नाव फोल्डरच्या यादीत होते आणि ती यादीच नष्ट झाली. मराठीत मोठ्या हौसेने दिलेली फाइलींची नावे अशा वेळी परत मिळत नाहीत. मात्र तुकडे लगेच पुसून टाकू नयेत. एखादे छायाचित्र किंवा दस्तऐवज त्यात संपूर्ण असू शकतो. योग्य प्रोग्रॅममधून उघडून पाहिल्याखेरीज ते कळत नाही.

तपासणीचेही प्रकार आहेत. कोणताही पर्याय न देता चेकडिस्क चालवले तर ते केवळ पाहते, बदलत काहीच नाही. 'एफ' हे अक्षर जोडले की ते नोंदी दुरुस्त करते. 'आर' जोडले की नोंदींबरोबरच डिस्कची संपूर्ण जागा वाचून खराब भाग शोधते. या तिसऱ्या प्रकाराला लागणारा वेळ साध्या गणितानेही काढता येतो. एक टेराबाइट म्हणजे सुमारे १० लाख मेगाबाइट. यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३५ मेगाबाइट वाचले जातात, असे धरले तर केवळ वाचण्यासच सुमारे आठ तास लागतात. यूएसबी ३.० वर सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग मिळाला तरी पावणेतीन तास हवेत. पडद्यावरचा आकडा तासभर हललेला नाही म्हणजे संगणक अडकला, असा निष्कर्ष काढण्याची घाई म्हणूनच करू नये.

काही बाबतींत ही तपासणी अगदीच निरुपयोगी ठरते. पेन ड्राइव्हच्या आत एक नियंत्रक चिप असते आणि कोणता मजकूर मेमरीत प्रत्यक्षात कुठे आहे, याची स्वतंत्र नोंद ती ठेवते. लेखन चालू असताना ड्राइव्ह उपसल्यामुळे हीच नोंद बिघडली, तर ड्राइव्हची क्षमता शून्य दिसू लागते किंवा डिस्क घाला अशी विचित्र सूचना येते. चेकडिस्क या चिपच्या पलीकडे पाहू शकत नाही. तसेच खोट्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हचे. रस्त्यावर स्वस्तात मिळालेल्या ६४ गिगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात आठच गिगाबाइट जागा असली, तरी चिप खोटे बोलत असल्याने नोंदी जुळतात आणि तपासणी त्याला निर्दोष ठरवते. तो ड्राइव्ह काठोकाठ भरून मजकूर परत वाचून पाहणे, एवढाच त्याचा पडताळा आहे.

आधी प्रत, मग दुरुस्ती

सर्वांत महत्त्वाचा निर्णय या टप्प्यावर घ्यावा लागतो. ड्राइव्ह धडधाकट आहे आणि केवळ नोंदी विस्कटल्या आहेत, की ड्राइव्हच निकामी होऊ लागला आहे? हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, साधी फाइल उघडायलाही मिनिटे लागणे, ड्राइव्ह मधूनच नाहीसा होऊन पुन्हा दिसणे ही दुसऱ्या प्रकाराची लक्षणे आहेत. अशा ड्राइव्हवर संपूर्ण तपासणी लादणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखे आहे. तासन् तास चाललेल्या वाचनात उरलासुरला जीवही जाऊ शकतो. येथे सुरुवातीची तपासणी कळ दाबून टाळणे हेच शहाणपणाचे. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत करावी. माहिती अनमोल असेल तर ड्राइव्ह बाजूला ठेवून जाणकाराकडून त्याची जशीच्या तशी प्रतिमा काढून घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत.

उलट ड्राइव्ह ठणठणीत असेल आणि दुसरी प्रत असेल, तर तपासणी निःशंकपणे होऊ द्यावी. एकदा दुरुस्ती सुरू झाली की मात्र वीज तोडू नये आणि ड्राइव्ह उपसू नये. दुरुस्ती हीसुद्धा खतावणीतील लेखनच असते. ती अर्धवट राहिली तर मूळच्या गोंधळात भर पडते. लॅपटॉप असल्यास तो चार्जरला जोडलेला असावा.

ठरावीक ड्राइव्हला सुरुवातीच्या तपासणीतून वगळण्याची सोय विंडोजमध्ये आहे. 'चेक एनटीएफएस' या आज्ञेला 'एक्स' आणि ड्राइव्हचे अक्षर जोडले की तो ड्राइव्ह वगळला जातो. 'डी' जोडले की मूळ स्थिती परत येते. या आज्ञेची एक खोच अनेकांना माहीत नसते. ती दर वेळी मागची सूचना विसरते. आज 'ई' आणि उद्या 'एफ' वगळला तर 'ई' पुन्हा तपासणीत येतो. दोन्ही वगळायचे तर एकाच आज्ञेत दोन्ही अक्षरे द्यावी लागतात. वगळल्याने दोष जात नाही, केवळ प्रश्न विचारणे थांबते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. झालेल्या तपासणीचा अहवाल पाहायचा असेल तर तो 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील 'ॲप्लिकेशन' नोंदींत 'विनइनिट' या नावाखाली सापडतो.

लिनक्स आणि मॅकची तऱ्हा

लिनक्समध्ये हे काम 'एफएसचेक' करतो. कोणता ड्राइव्ह सुरुवातीला तपासायचा, हे एका मजकूर फाइलीतील सहाव्या रकान्यात लिहिलेले असते : शून्य म्हणजे तपासू नये, एक म्हणजे मूळ डिस्क, दोन म्हणजे त्यानंतरच्या डिस्क. ठरावीक वेळा जोडल्यावर किंवा ठरावीक दिवस उलटल्यावर सक्तीची तपासणी करण्याची रीतही पूर्वी होती; पुढे ती मूळ मांडणीतून वगळण्यात आली. हौशी मंडळी यूएसबी ड्राइव्ह या यादीत घालतात आणि नंतर तो न जोडताच संगणक सुरू करतात. संगणक मग दीडेक मिनिट त्याची वाट पाहतो आणि शेवटी दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन थांबतो. अशा ड्राइव्हपुढे 'नोफेल' हा पर्याय लिहिला की हा खोळंबा टळतो.

मॅकवर प्रकार वेगळाच. अवेळी उपसलेली मोठी एक्सफॅट डिस्क पुन्हा जोडली की ती पडद्यावर दिसतच नाही. डिस्क गेली, असे समजून अनेक जण ती नव्याने फॉरमॅट करायला निघतात. वस्तुतः मॅक पडद्यामागे गुपचूप तिची तपासणी करत असतो आणि ती संपेपर्यंत डिस्क उघडून देत नाही. मोठ्या डिस्कला त्यासाठी बराच वेळ लागू शकतो. धीर धरणे, एवढेच येथे करायचे असते.

तपासणीचा बुरखा

या सगळ्याला एक काळी बाजूही आहे. डिस्क तपासणीच्या पडद्यावर लोकांचा असलेला विश्वास गुन्हेगारांनी हेरला. २०१६ मध्ये पसरलेला 'पेट्या' हा खंडणीखोर प्रोग्रॅम आणि २७ जून २०१७ रोजी युक्रेनपासून जगभर पसरलेला 'नॉटपेट्या' या दोघांनीही हीच युक्ती वापरली. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर चेकडिस्कचा हुबेहूब देखावा दिसे : डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल. प्रत्यक्षात त्याच वेळी डिस्कची मुख्य नोंदवही कुलूपबंद केली जात असे. संगणक ताबडतोब बंद करा, असा उलटा सल्ला तज्ज्ञांना त्या वेळी द्यावा लागला.

या हल्ल्याची झळ महाराष्ट्रालाही बसली. मेर्स्क या जहाज कंपनीची जगभरातील यंत्रणा ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. या हल्ल्यामुळे २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान होईल, असा अंदाज कंपनीने वर्तवला होता.

खऱ्या तपासणीत ड्राइव्हचे नाव दिलेले असते, दुरुस्तीपूर्वी नकार देण्यासाठी काही सेकंद मिळतात आणि ती संगणक नीट बंद झाला नव्हता किंवा ड्राइव्ह अवेळी काढला होता, अशा आठवणाऱ्या कारणानंतर येते. चालू काम मध्येच तोडून संगणक स्वतःहून पुन्हा सुरू झाला, नकाराची संधी न देता मुख्य डिस्कची 'दुरुस्ती' सुरू झाली आणि सोबत मोठ्या अक्षरांत धमकी असली, तर शंका घ्यायला जागा आहे. अशा हल्ल्याच्या वेळी जोडून ठेवलेला बॅकअपचा ड्राइव्हही सुरक्षित राहतो, असे मानता येत नाही. काम झाल्यावर तो काढून ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

सवयी चार, नुकसान टळे फार

विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून यूएसबी ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत मूळ मांडणीत आली. तिच्यात लेखन मेमरीत साठवून न ठेवता लगेच ड्राइव्हवर उतरवले जाते. त्यामुळे ड्राइव्ह कसाही उपसला तरी चालतो, असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. लेखन सुरू असण्याच्या क्षणी उपसलेला ड्राइव्ह कोणत्याही पद्धतीत धोक्यातच असतो. 'सेफली रिमूव्ह' या चिन्हावर टिचकी मारून सूचना येईपर्यंत थांबणे ही सवय म्हणूनच अजूनही जुनी झालेली नाही.

संगणक बंद करण्यापूर्वी बाहेरचे ड्राइव्ह काढून घ्यावेत. सुरुवातीच्या तपासणीचा प्रश्नच मग बहुतांशी उद्भवत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी पोर्टेबल डिस्कवर काम करताना यूपीएस असावा. केवळ विंडोज संगणकांवर वापरायची मोठी डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केल्यास कीर्दीचे संरक्षण मिळते; त्यासाठी आधी सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा, कारण फॉरमॅट करताना तो पुसला जातो. आणि ज्या फाइलीवाचून काम अडेल, तिची पेन ड्राइव्हखेरीज निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

सुरुवातीची तपासणी फार तर नोंदवही जुळवून देते, हरवलेला मजकूर नव्याने लिहून देत नाही. दुसरी प्रत हाताशी असेल, तर उलटे मोजले जाणारे ते आकडे शांतपणे पाहता येतात. प्रत नसेल तर ते आकडे संपण्याच्या आत कळ दाबावी आणि दिवसाचे पहिले काम म्हणून ती प्रत करून घ्यावी.